घरच्या वर्कशॉपसाठी वेल्डिंग टेबल: कमी पैशात, उचलता येईल असं, पण सपाट



घरच्या अंगणात, पार्किंगमध्ये किंवा मागच्या पडवीत फॅब्रिकेशनचं काम सुरू करणाऱ्यांची खरेदीची यादी बघा, जवळजवळ सारखीच असते. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, चार इंची ग्राइंडर, ड्रिल, हेल्मेट, हातमोजे, रॉडचं पाकीट. टेबल त्या यादीत एकतर शेवटी असतं, नाहीतर नसतंच. "सुरुवातीला जमिनीवरच करू, चार पैसे आले की टेबल बघू." याच्या अगदी उलट टोकाचेही लोक आहेत. परदेशी व्हिडिओत भोकं-भोकं असलेलं चकचकीत टेबल बघतात आणि पहिल्या ऑर्डरच्या आधीच मोठी रक्कम त्यात अडकवून बसतात.

दोन्हीत नुकसान आहे. पहिल्यातलं नुकसान दिसत नाही म्हणून आधी तेच बघू.

समजा, तुम्ही चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीची ग्रील घेतली. वजन २५ किलो. गिऱ्हाइकाला १३० रुपये किलोने दर सांगितला, म्हणजे बिल ३,२५० रुपये. लोखंड ७० रुपये किलोने धरलं तर १,७५० रुपये तिथेच गेले. (हे आकडे फक्त हिशेबापुरते, तुमच्या गावचा आजचा भाव घाला.) उरले १,५००. यात रॉड, डिस्क, वीज, रेडऑक्साइड, रंग, मदतनिसाची हजेरी, टेम्पो आणि तुमची मजुरी. आता ग्रील गुण्यात नाही, म्हणजे काटकोन चुकलाय, हे तुम्हाला कुठे कळतं? वर्कशॉपमध्ये कळत नाही. तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसवताना कळतं. वरचा कोपरा बसतो, खालचा बसत नाही. ग्रील परत खाली, परत टेम्पो, परत कापा, जोडा, रंगवा. तुमचा आणि मदतनिसाचा अर्धा दिवस गेला. त्या ग्रीलमध्ये तुम्हाला जे सुटणार होतं ते तिथे संपलं. वर गिऱ्हाइकाने शेजाऱ्याला काय सांगितलं, तो हिशेब वेगळाच.

चार बाय चारच्या चौकटीत दोन कर्णांमध्ये १० मिलिमीटरचा फरक असेल तर एक कोपरा साधारण ७ मिलिमीटर सरकलेला असतो. डोळ्याला हे दिसत नाही. भिंतीला मात्र लगेच दिसतं.

म्हणून टेबलाकडे फर्निचर म्हणून बघू नका. टेबल हे मोजमापाचं अवजार आहे. टेप जसा इंच दाखवतो तसं टेबल तुम्हाला 'सपाट' म्हणजे काय ते दाखवतं. ज्या टेबलाला पीळ आहे, त्यावर केलेल्या प्रत्येक जॉबला तोच पीळ जातो. तुमचा हात कितीही चांगला असू दे.

जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. आपल्याकडे वर्षानुवर्षं उकिडवं बसून वेल्डिंग चालत आलंय आणि त्यातून उत्तम कारागीरही तयार झालेत, हे खरं आहे. पण त्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला चाळिशीत विचारा. शिवाय कोब्यावर थेट जॉब ठेवून वेल्डिंग करू नका. कोब्यात मुरलेल्या ओलाव्याची उष्णतेने वाफ होते आणि सिमेंटचे कपचे उडतात. डोळ्यात गेले की काम बंद.

तुमचं काम किती फुटांचं?

टेबल निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नाही. पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही नक्की काय बनवणार आहात, हा आहे.

कुंड्यांचे स्टँड, शू-रॅक, दुकानाचे डिस्प्ले स्टँड, छोटी टीपॉय, स्टूल अशी कामं असतील तर सगळं तीन फुटांच्या आत बसतं. त्याला ९०० बाय ६०० मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या भाषेत तीन बाय दोनचं टेबल पुरतं. खिडक्यांच्या ग्रील, सेफ्टी डोअर असतील तर जॉब टेबलाच्या बाहेर जाणार, आणि तो बाहेर गेलेला भाग तेवढ्याच उंचीवर कुठेतरी टेकला पाहिजे. गेट आणि शेडचं काम असेल तर सरळ सांगतो, घरात मावेल असं कुठलंच टेबल त्याला पुरणार नाही. ते काम जमिनीवर दोन सरळ चॅनेल पाणसळीत मांडून त्यावरच होतं. टेबलावर फक्त सुटे भाग करायचे.

मोठ्या कामाच्या आशेने मोठं टेबल घेऊ नका. सहा बाय तीनचं टेबल घेतलं आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून ते भिंतीला उभं टेकवून ठेवलंय, ही गोष्ट फार घरांत दिसते. घरच्या वर्कशॉपचा खरा नियम जागा ठरवते: सकाळी नऊला मांडायचं, संध्याकाळी सहाला आवरायचं, कारण सातला घरातली स्कूटर तिथे लागणार. आणि हो, वेल्डिंग चालू असताना ती स्कूटर, गॅसचा सिलिंडर, रंगाचे आणि थिनरचे डबे, कपडे वाळत घातलेली दोरी, सगळं लांब. ठिणगी कुठे जाऊन पडते ते हेल्मेटच्या आतून दिसत नाही.

'पोर्टेबल' म्हणजे नक्की किती किलो?

इथे जरा वजनाचा हिशेब समजून घ्या, कारण जाहिराती याच ठिकाणी फसवतात. लोखंडाच्या एक चौरस मीटर प्लेटचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो असतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, आयुष्यभर कामाला येईल. ९०० बाय ६०० ची प्लेट म्हणजे ०.५४ चौरस मीटर. मग ३ मिलिमीटर जाडीला पावणेतेरा किलोच्या आसपास, ६ ला साधारण साडेपंचवीस, ८ ला ३४ आणि १० ला साडेबेचाळीस किलो.

आता दुसरी बाजू. जाडी दुप्पट केली की प्लेटचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठ पट होतो. म्हणजे ३ मिलिमीटरऐवजी ६ घेतली तर वजन दुप्पट, पण वाकायला आठ पट अवघड. हलक्या टेबलात नेमकं हेच गमावलं जातं. तीन मिलिमीटरचा पत्रा उचलायला छान, पण दोन-चार जॉब गरम झाले की मधे फुगतो, नाहीतर बसतो. एकदा बाक आला की तो परत सरळ होत नाही.

बाजारात आणि ऑनलाइन जी घडीची वेल्डिंग टेबलं मिळतात त्यातली बरीचशी ३० इंच बाय २० इंचांच्या आसपासची असतात. वर खाचा असतात, पाय दुमडतात, काहींचा वरचा भाग तिरपाही करता येतो. ती वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. जो माणूस मशीन टेम्पोत टाकून गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन दुरुस्तीचं काम करतो, त्याला हे टेबल उपयोगी आहे. एकट्याने उचलता येतं, पाच मिनिटांत मांडता येतं. पण घरच्या वर्कशॉपमध्ये रोज आठ तास चौकटी जोडायच्या असतील तर त्याची मर्यादा लवकर लागते.

असं टेबल घ्यायचंच असेल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. वरच्या पत्र्याची जाडी किती मिलिमीटर? पाय उघडल्यावर कशाने लॉक होतात, नुसत्या पिनने की बोल्टने? आणि क्लॅम्प लावायला कड मोकळी आहे का? बॉक्सवर भार क्षमता मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, इतके किलो, तितके किलो. त्या आकड्यावर भाळू नका. शांतपणे ठेवलेलं वजन पेलणं वेगळं आणि त्यावर क्लॅम्प आवळून हातोडी मारणं वेगळं. आणि भार क्षमतेतून सपाटपणा मुळीच कळत नाही. शक्य असेल तर दुकानात टेबल उघडायला लावा, वर दोन हात टेकून आडवं हलवा. डुललं तर वेल्डिंग करताना त्याहून जास्त डुलणार.

भोकांच्या टेबलाचंही सांगतो, कारण प्रश्न बरेच येतात. त्यात मुख्य दोन मापं चालतात: १६ मिलिमीटरची भोकं ५० मिलिमीटर अंतरावर, आणि २८ मिलिमीटरची १०० मिलिमीटर अंतरावर. त्या भोकांत बसणारे पिन, स्टॉपर, क्लॅम्प सगळे वेगळे विकत घ्यावे लागतात. एकाच मापाचे दोनशे-तीनशे नग बनवायची ऑर्डर हातात असेल तर त्यात पैसा घाला, जॉब भराभर लागतो. रोज वेगळी खिडकी करणाऱ्याला त्या भोकांचा फायदा फार कमी. टेबलापेक्षा ॲक्सेसरीज महाग पडतात हे आधी लक्षात घ्या.

माझी शिफारस: पट्ट्यांचं, सुट्या पायांचं टेबल

तुम्ही फॅब्रिकेशन शिकलाय. मग पहिला जॉब स्वतःचाच करा. पूर्ण प्लेटऐवजी पट्ट्या वापरा. ७५ बाय १० मिलिमीटरच्या सहा पट्ट्या, प्रत्येक ९०० लांब, मधे ३० मिलिमीटरची फट. सहा पट्ट्यांचे ४५० आणि पाच फटींचे १५०, झाले बरोबर ६००. ही पट्टी मीटरला ५.९ किलो भरते, म्हणजे सहा पट्ट्यांचं वजन ३२ किलोच्या आत. ८ मिलिमीटरच्या अखंड प्लेटपेक्षाही थोडं कमी, आणि जाडी मात्र १० मिलिमीटरची. शिवाय फटीतून स्लॅग खाली पडतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लॅम्प फक्त कडेला नाही तर टेबलाच्या मधोमध कुठेही लावता येतो. एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदला.

तोटा? बारीक तुकडे फटीतून खाली जातात. त्यासाठी फूटभर चौरसाचा ६ मिलिमीटरचा प्लेटचा तुकडा जवळ ठेवा, बारीक काम त्यावर.

दुकानात पट्ट्या निवडताना घाई करू नका. लांब पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. बाक लगेच दिसतो. प्लेटमधून शिअरवर कापलेल्या अरुंद पट्ट्यांना बऱ्याचदा पीळ असतो, त्या नको. रोल केलेल्या पट्ट्या घ्या, त्यातल्याही सरळ बघून. दुकानातला पोरगा वैतागेल, वैतागू दे. पैसे तुमचे आहेत.

खालची चौकट ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलची. तीन मीटर परीघ आणि मधे एक आडवा अँगल, असा ३.६ मीटर. मीटरला ३ किलो धरून ११ किलो. पाय ४० बाय ४० च्या २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचे, प्रत्येकी ८०० मिलिमीटर. चारी मिळून साडेसात किलो. पाय चौकटीला वेल्ड करायचे नाहीत. ५० बाय ५० बाय ३ च्या पाइपचे चार इंची चार तुकडे चौकटीच्या कोपऱ्यांत खालून वेल्ड करा आणि पाय त्यात खालून घाला. आतली मोकळी जागा ४४ मिलिमीटर, पाय ४० चा, म्हणजे थोडी ढिलाई राहणारच. ती घालवायला प्रत्येक तुकड्याच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंना भोक पाडून बाहेरून नट वेल्ड करा. दोन बोल्ट आवळले की पाय समोरच्या कोपऱ्यात दाबून बसतो, हलत नाही. खाली पायांना जोडणाऱ्या दोन-तीन आडव्या पट्ट्या बोल्टने.

एकूण वजन ५५ किलोच्या जवळ. वाचून घाबरू नका. वरचा भाग ४५ किलोच्या आसपास, दोन माणसं सहज उचलतात. पाय वेगळे, एका हातात. घरात तुम्ही एकटेच असाल तर पट्ट्या १० ऐवजी ६ मिलिमीटरच्या घ्या, वरचा भाग साधारण ३२ किलोवर येतो. ताठपणा कमी होतो, पण हलक्या कामाला चालतं. किंवा दोन पायांना चाकं लावा, समोरून उचला आणि हातगाडीसारखं ढकला. चारही पायांना चाकं मात्र नकोत. ब्रेकवाली चाकंसुद्धा हातोडी मारली की सरकतात.

७० रुपयांच्या त्याच भावाने ५५ किलोचे ३,८५० रुपये. नट-बोल्ट, डिस्क, रॉड, थोडा रंग यांचे वर हजारभर धरा. म्हणजे पाच हजारांच्या आत तुमचं टेबल उभं राहतं. सुरुवातीच्या अवजारांसाठी ५०-६० हजार काढून ठेवले असतील तर टेबलावर दहावा हिस्सा, याच्या पलीकडे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि त्याच्या कोटेशनमध्ये काही जण महागडं तयार टेबलही बसवून टाकतात. कर्जाचे पैसे मशीनला, ग्राइंडरला, आणि कच्चा माल उचलायला ठेवा. टेबलातून वाचलेल्या पैशातून चांगले चार सी-क्लॅम्प आणि दोन लांब एफ-क्लॅम्प घ्या. क्लॅम्पशिवाय उत्तम टेबलही नुसता ओटा.

भंगार बाजाराचा रस्ताही चांगला आहे. पुण्यात भोसरी, नाशिकला अंबड-सातपूर, छत्रपती संभाजीनगरला वाळूज, कोल्हापूरला शिरोली, अशा एमआयडीसींच्या आसपास जाड प्लेटचे कापून उरलेले तुकडे किलोच्या भावात मिळतात. फक्त चेकर्ड प्लेट घेऊ नका, तिच्यावर जॉब सपाट बसत नाही. गॅसने कापलेली प्लेट असेल तर कडेला बाक आहे का बघा. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टेबलावर अजिबात नको. तापला की त्यातून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि ऐरण म्हणून रुळाचा तुकडा कोणी स्वस्तात देत असेल तर बिलाशिवाय हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी धंद्याच्या पहिल्याच वर्षी पोलिसांची पायरी कशाला चढायची?

जोडताना आणि जोडल्यावर

चौकट जोडताना आधी फक्त टॅक मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. ९०० बाय ६०० च्या चौकटीचा कर्ण १,०८२ मिलिमीटरच्या आत-बाहेर येतो, पण खरी गोष्ट त्या आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणं. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलकेच ठोका, परत मोजा. मग वेल्डिंग एका कोपऱ्यात पूर्ण करून पुढे जायचं नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात. वेल्ड गार होताना आक्रसतो आणि लोखंडाला स्वतःकडे ओढतो. सगळी उष्णता एकाच बाजूला घातली तर चौकट त्या बाजूला वळणारच.

पट्ट्या चौकटीवर वेल्ड करू नका, बोल्टने बसवा. बोल्टचं डोकं पट्टीच्या आत बसेल असं वरून खोलगट ड्रिल करा, म्हणजे जॉब अडत नाही. एखादी पट्टी खाली राहिली तर तिच्याखाली पातळ पत्र्याचं पॅकिंग घाला. सरळ असल्याची खात्री असलेली एक लांब पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा सेक्शन टेबलावर आडवा-उभा ठेवून खालून उजेड दिसतो का बघा.

आता पीळ. हा सगळ्यात लबाड. गुण्यात पास, लांबी-रुंदीत पास, तरी टेबलाचा एक कोपरा वर. तपासायची पद्धत फुकटची आहे: चारी कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे चार नट ठेवा, त्यावरून दोन दोरे दोन्ही कर्णांवर ताणून बांधा. मधोमध दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मधे फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला ढकललं तर पीळ आहे. खात्रीसाठी खालचा दोरा वर आणि वरचा खाली घेऊन परत बघा.

पोर्टेबल टेबलात हा पीळ रोज नव्याने येतो, हे मात्र नीट समजून घ्या. काल टेबल जिथे होतं तिथून आज दोन फूट सरकलं. आपल्या अंगणातली शहाबादी फरशी किंवा कोबा कुठेच एका पातळीत नसतो, पाणी जायला मुद्दाम उतार दिलेला असतो. चार पायांतला एक अधांतरी राहिला की टेबल डुलतं, आणि वर जॉबचं वजन पडलं की चौकट तेवढी पिळते. म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला जाड पट्टीचा तुकडा वेल्ड करून त्यात नट बसवा आणि खालून बोल्ट घाला. बोल्ट फिरवून पाय वर-खाली करता येतो. रोज सकाळी टेबल मांडलं की पाणसळ ठेवायची, बोल्ट फिरवायचा, दोन मिनिटांचं काम. या चार बोल्टना फार खर्च येत नाही, पण तयार मिळणाऱ्या स्वस्त टेबलांमध्ये नेमके हेच बऱ्याचदा नसतात.

उंचीबद्दल लोक विचारतात. उभं राहून करायचं असेल तर हात कोपरात वाकवा, टेबल त्याच्या चार बोटं खाली असू द्या. बहुतेकांना ३२ ते ३५ इंचांच्या मधे सोयीचं पडतं. वर दिलेल्या मापात ८०० चा पाय आणि वरची चौकट-पट्टी धरून तुम्ही साडेतेहतीस इंचांच्या आसपास येता. स्टुलावर बसून काम करणार असाल तर पाय आखूड कापा.

वायरिंगचं एक. मशीनची रिटर्न केबल, जिला आपण कारागीर 'अर्थ' म्हणतो, तिचा क्लॅम्प टेबलाच्या रंग न लावलेल्या, घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा. म्हणूनच पट्ट्यांना वरून रंग द्यायचा नाही, फक्त चौकट आणि पाय रंगवायचे. पण ही रिटर्न केबल म्हणजे घराचं अर्थिंग नव्हे. मशीनच्या प्लगचं अर्थिंग वेगळं आणि चालू असलंच पाहिजे, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या अंगणात, पायात स्लीपर घालून, लोखंडी टेबलाला टेकून वेल्डिंग करणं बंद म्हणजे बंद. टेबल पडवीत घ्या, पायाखाली रबरी मॅट घाला. संध्याकाळी आवरताना पट्ट्यांवरून तेलाचा फडका फिरवा, नाहीतर जुलैत दोन रात्रींत गंज धरतो. सकाळी जॉब लावायच्या आधी ते तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या, तेलावर वेल्ड नीट बसत नाही आणि धूर होतो. चिकटलेले वेल्डचे मणी छिन्नीने उडवायचे. ग्राइंडर सारखा फिरवलात तर तुम्हीच टेबलात खड्डे पाडाल.

टेबल तयार झालं की लगेच गिऱ्हाइकाचं काम लावू नका. त्यावर पहिला जॉब म्हणून दोन घोड्या बनवा, बरोबर टेबलाच्याच उंचीच्या, त्यांच्याही पायांना तेच फिरवायचे बोल्ट लावून. हलक्या पाइपच्या केल्या तरी चालतील, त्यांच्यावर हातोडी पडणार नाही. या दोन घोड्या टेबलाच्या बाजूला मांडल्या की तीन फुटांच्या टेबलावर सहा-सात फुटांचं सेफ्टी डोअर लागतं, आणि काम झालं की त्या एकात एक घालून दाराआड उभ्या राहतात. त्या बनवताना कर्ण मोजा, दोरे ताणा, पाणसळ लावा. टेबलात कुठे काही राहून गेलं असेल तर या दोन घोड्यांमध्ये ते दिसेल, आणि तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं नसेल.